मुलगी झाली की दोन

"पोऱ्या का पोरी?" तव्यावरचा सॉसेज उलटत इनासने विचारलं.

"पोरगी. पायाळू होती. दोघी छान आहेत." वैजयंता सिस्टरने डोक्यावरची पांढरी टोपी काढून पर्समध्ये सरकवली आणि गाडीला वळसा घालून ती ताडपत्रीमागे जाऊन उभी राहिली.

"मंग दोन," इनास म्हणाला आणि त्याने डब्यातून आणखी एक सॉसेज काढून तव्यावर टाकला.

१९९४च्या मे महिन्यातला शनिवार होता. संध्याकाळचे सात वाजत आले होते आणि भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर खरेदीला आलेल्या लोकांची झुंबड उडाली होती. इनासच्या गाडीच्या एका अंगाला उन्हासाठी ताडपत्री बांधलेली असे. तिच्यामागे, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये, एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. गेली आठ वर्षं ती जागा वैजयंताची होती. तिथून रस्ता दिसायचा, पण रस्त्याला आपण दिसायचो नाही. चोरून खायला याहून सोयीची जागा सबंध भाईंदरात नव्हती.

आता पन्नाशीकडे झुकलेली, दोन मुलांची आई असलेली, चारचौघांत वजन असलेली बाई चोरून हॉट डॉग का खाते, असं कोणी विचारेल. तर वैजयंता गमरे ही डॉक्टर उर्मिला शहांच्या प्रसूतिगृहातली मोठी सिस्टर होती, आणि तिच्या पथ्याचा धाक नवघरपासून शांती नगरपर्यंत पसरलेला होता. बाळंतीण घरी निघाली की वैजयंता तिच्यासमोर, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर बोट उभं करून सांगायची की सव्वा महिना बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. भेळ नाही, वडापाव नाही, बर्फाचा गोळा नाही. बाळ तुमच्या अंगावर पितं, तेव्हा जिभेला जरा लाज असू द्या. नवरे तर असे मान डोलवायचे की जणू त्यांनाच अंगावर पाजायचं आहे. आणि हे सगळं सांगून झालं की संध्याकाळी सिस्टर ताडपत्रीमागे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तिला शाळेपासून पाठ होती. ती आपल्याच कामाला येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

पण पाषाण म्हणावा तर तो हॉट डॉग मुळीच कोरडा नसे. इनास लांबट पाव मधोमध चिरायचा आणि सॉसेजला सुटलेल्या चरबीतच तव्यावर दाबून भाजायचा. त्यात व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा, त्याच्या बायकोने उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला लाल मसाला आणि वर मोहरीची पिवळी चटणी. पहिल्या घासालाच नाकात झणका जायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. दहा-बारा तास उभ्याने काढलेल्या बाईला ते पाणी बरं वाटायचं.

याची सुरुवात झाली ती शहाऐंशी साली. वैजयंता तेव्हा नायगावच्या चाळीतून नवघरला नुकतीच राहायला आली होती. पहिलीच अवघड केस होती, एकोणीस तास चाललेली. मुलगी झाली. सासरची माणसं मुलगी म्हटल्यावर एकेक करून निघून गेली, दवाखान्यात कोणी चिमूटभर साखरही वाटली नाही. वैजयंता बाहेर पडली तेव्हा तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. समोर गाडी दिसली म्हणून तिने नुसता पाव मागितला. राई गावाहून रोज येणारा हा पन्नाशीपुढचा ख्रिस्ती माणूस तिच्या पांढऱ्या साडीकडे बघत म्हणाला, पोऱ्या का पोरी? तिने सांगितलं. पेढे-बर्फी काय भेटला का, त्याने विचारलं. ती म्हणाली, मुलीला कोण देतं, काका. तेव्हा इनासने पावात एक नाही, दोन सॉसेज घातले. "कोन न्हाय देत तर मी देतो," तो म्हणाला. "माज्या तीन पोरी हायेत, बाय."

त्या दिवसापासून रीतच पडली. अवघड बाळंतपण पार पडलं की वैजयंता गाडीवर यायची. मुलगा झाला तर एक सॉसेज, मुलगी झाली तर दोन. पैसे एकाचेच. आणि एखाद्या दिवशी बाळ हाताला लागलं नाही, तर ती समोरच्या फुटपाथवरून खाली मान घालून निघून जायची. इनास त्या दिवशी हाक मारत नसे. तो तवा पुसत राहायचा.

ते मांस कसलं, हे तिने पहिला हॉट डॉग संपल्यावर विचारलं होतं. डुकराचं, इनास म्हणाला. घरी सासू होती, अनसूयाबाई. त्यांनी तरुणपणी गावच्या सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी टाकलेलं खायचं नाही, मागून खायचं नाही आणि डुकराचं तर बघायचंही नाही, असा नेम धरला. गावाने आपल्यासमोर काय टाकावं हे गावाने ठरवायचं, ही गोष्टच त्यांनी मोडून काढली होती. अनसूयाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण वैजयंताला रत्नागिरीला नर्सिंगला पाठवा म्हणून नवऱ्याशी भांडल्या होत्या त्याच. अशा बाईच्या घरात आपण हे तोंड घेऊन जायचं, याची वैजयंताला लाज वाटायची. ती रस्त्यातच बडीशेप खायची, नळावर चूळ भरायची. आणि पुढच्या वेळी पुन्हा ताडपत्रीमागे उभी असायची.

त्या शनिवारी तिने दुसरा घास घेतला आणि गाडीपुढे ओळखीचा आवाज आला.

"एक हॉट डॉग. पार्सल. जरा लवकर द्या."

तो यतीन होता, पंधरा दिवसांपूर्वी बाळंत झालेल्या मृणालिनीचा नवरा. गिरगावातलं बिऱ्हाड सोडून ही मंडळी वर्षभरापूर्वी मीरा रोडच्या शांती नगरला आली होती. मृणालिनीला मुलगी झाली तेव्हा यतीनच्या आईने, गिरिजाबाईंनी, आठही खाटांना बर्फी वाटली होती. दवाखान्यात असं क्वचित घडायचं, म्हणून ते घर वैजयंताच्या चांगलं लक्षात होतं. यतीन चोरासारखा इकडेतिकडे बघत इनासला सांगत होता, बायकोने दोन दिवस डोकं खाल्लंय, मेथी आणि अळीव खाऊन तिचं तोंड मेलंय, आईला कळलं तर घरात घेणार नाही.

वैजयंताने ऐकलं. एरवी तिने त्या मुलाला तिथल्या तिथे उभा-आडवा घेतला असता. पण बोलायचं तर ताडपत्रीमागून बाहेर यावं लागलं असतं, आणि तोंडात घास होता. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. यतीनने पुडकं पिशवीत दडवलं आणि तो रिक्षात बसून गेला.

सोमवारी सकाळी वैजयंता ड्यूटीवर आली तेव्हा मृणालिनी तीन नंबरच्या खाटेवर होती. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. बाळ आजीच्या मांडीवर भुकेने रडत होतं. वैजयंताने सलाईन लावलं, नाडी बघितली, पोट दाबून बघितलं. तासाभरात मृणालिनीच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली आणि तिने बाळाला मागून घेतलं. तेवढं झाल्यावर वैजयंताचा जीव भांड्यात पडला.

गिरिजाबाई मात्र काही शांत होत नव्हत्या. मुलाने घाबरून त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. आता त्यांच्या हातात एक लांब कागद होता आणि त्याखाली त्यांच्या इमारतीतल्या वीस-बावीस जणांच्या सह्या होत्या. केबिन रोडवरची ती घाणेरडी गाडी उचला, असा अर्ज होता. डॉक्टरबाईंनी फक्त एक चिठ्ठी लिहून द्यायची होती की रस्त्यावरचं खाऊन बाळंतिणीला विषबाधा झाली. चिठ्ठी जोडली की गाडी आठ दिवसांत उचलली जाणार, असं त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं होतं. पाटीवर कुत्र्याचं चित्र काढलंय हो त्या माणसाने, गिरिजाबाई म्हणाल्या, आत काय घालतो देव जाणे. पाटीचं खरं होतं. रंगवणाऱ्याने हॉट डॉग कधी बघितला नव्हता, त्याने आपल्या समजुतीने जीभ बाहेर काढलेला तांबडा कुत्रा काढून दिला होता, आणि फुकट काढला म्हणून इनासने तो तसाच ठेवला होता.

डॉक्टर उर्मिला शहा पक्क्या शाकाहारी. त्यांच्या दवाखान्याच्या दारावरच मांसाहार आत आणू नये अशी पाटी होती. त्यांनी मान हलवली आणि केस पेपर वैजयंतापुढे सरकवला. आधी हिस्टरी लिहून घ्या, मग मी चिठ्ठी देते, त्या म्हणाल्या.

वैजयंताची हिस्टरी घ्यायची एक पद्धत होती. कळा कधी सुरू झाल्या हे बाईने "सकाळी" म्हणून सांगितलेलं तिला चालत नसे. नळाला पाणी आलं होतं का, दूधवाला येऊन गेला होता का, असं विचारत विचारत ती घड्याळाच्या काट्यावर येऊन थांबायची. आजही तिने तसंच केलं. हॉट डॉग शनिवारी रात्री आठला खाल्ला. रविवारी दिवसभर काही नाही, दुपारी वरणभात व्यवस्थित जेवली. पहिली उलटी सोमवारी पहाटे चारला. पाणी कुठलं प्यायलात? टाकीतलं. टाकीत कुठून आलं? शनिवारी रात्री टँकर आला होता, जरा पिवळट होतं, पण आता मीरा रोडला पिवळट काय आणि पांढरं काय, मिळतंय हेच नशीब. उकळलं होतं का? बाळासाठी उकळलं होतं, यतीन म्हणाला. बाळाच्या आईसाठी नाही. आणि इमारतीत आणखी कोणी आजारी? यतीनने आठवून सांगितलं की वॉचमनचा मुलगा आणि तिसऱ्या मजल्यावरची दोन माणसं कालपासून बेजार आहेत. त्यांनी कोणी हॉट डॉग खाल्लेला नव्हता.

वैजयंताने हे सगळं लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं. त्या विचारात पडल्या. पाणी असू शकतं, त्या म्हणाल्या, पण ते खाणं नव्हतंच असं मी कशावरून लिहू? काही विषबाधा दीड-दोन दिवसांनीही उठते. गिरिजाबाईंनी लगेच तेच धरलं. बघा, डॉक्टरच म्हणतायत. लिहा, बाई, लिहा.

वैजयंताच्या हातात पेन होतं. इथे गप्प बसलं की संपलं, हे तिला दिसत होतं. गाडी जाईल. इनास साठी ओलांडलेला होता, धाकटी मुलगी अजून लग्नाची होती. आणि बोललं तरी संपलं. आठ वर्षांची जरब, डॉक्टरबाईंचा विश्वास, घरी सासूपुढे वर करून चालायची मान, सगळं एका वाक्यात जाणार होतं. ती क्षणभर मृणालिनीकडे बघत राहिली. मग तिने पेन टेकवलं आणि केस पेपरवर एक ओळ लिहिली. तीच ओळ तिने मोठ्याने वाचून दाखवली.

"त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच तव्यावरचे दोन सॉसेज सिस्टर वैजयंता गमरे यांनी खाल्ले. त्यांना काही त्रास नाही." आणि खाली सही केली.

खाटांवरच्या बायका उठून बसल्या. डॉक्टर उर्मिलांनी चष्मा काढला.

"सिस्टर, आपने खाया? वो?"

"हो, डॉक्टर. आठ वर्षं खातेय. दवाखान्याच्या आत कधी आणलं नाही, एवढंच."

यतीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने चाचरत विचारलं, "म्हणजे तुम्ही त्या ताडपत्रीच्या मागे..."

"मागे होते. तुमचं बोलणं ऐकलं आणि तोंड फिरवून घेतलं. ते माझं चुकलं. मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं."

गिरिजाबाई हातातल्या कागदासकट उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही आम्हाला बोट दाखवून पथ्य सांगता. माझी सून पंधरा दिवस अळीव गिळतेय तुमच्या शब्दावर. आणि स्वतः रस्त्यावर उभं राहून हे खाता?"

हे ऐकण्याची भीती वैजयंताने आठ वर्षं बाळगली होती. ऐकल्यावर मात्र तिला आश्चर्य वाटलं, कारण मान खाली गेली नाही.

"खाते," ती म्हणाली. "तुमच्या सुनेला सांगितलेलं पथ्य खरंच आहे, तिने ते पाळायलाच हवं होतं. पण माझ्या शब्दाची लाज वाचवायला मी त्या माणसाच्या पोटावर पाय देणार नाही. त्याचा तवा मी रोज बघते. तो पाणी उकळतो, कारण पहिल्या वर्षी मीच त्याला ते करायला लावलं. तुमच्या टाकीचं झाकण उघडून बघितलंत का, ते सांगा."

पुढे काही मोठं घडलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पण ती इमारतीच्या नावे, टाकी धुवा आणि पाणी उकळून प्या अशी. मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी वैजयंताला बोलावून घेतलं. केस पेपर पुन्हा एकदा वाचून त्या एवढंच म्हणाल्या की हात धुऊन येत जा. ती म्हणाली, डॉक्टर, रोज धुऊनच येते. संध्याकाळी यतीनने सांगितलं की टाकीत दोन मेलेली कबुतरं सापडली. गिरिजाबाई तेव्हा खाटेशी बसून नातीला मांडीवर जोजवत होत्या. त्या वर न बघता हातातल्या लांब कागदाची घडी घालत राहिल्या, आणि तो कागद पुन्हा कोणाला दिसला नाही.

बातमीला मात्र पाय फुटले. दवाखान्यापासून घर वीस मिनिटांवर, पण बातमी तिच्याआधी पोचली. कोपऱ्यावरची भाजीवाली हसून म्हणाली, क्या सिस्टर, हॉट डॉग? वैजयंता थांबली नाही. तिने बडीशेपही खाल्ली नाही.

घरात नवरा, समाधान, स्टीलच्या कारखान्यातून येऊन बसला होता. भांड्यांना पॉलिश करून त्याच्या नखांत गेलेली काळी भुकटी वीस वर्षांत निघाली नव्हती. थोरला मुलगा धम्मदीप पुस्तक उघडं ठेवून आईकडे बघत होता. लेकीने, संघप्रियाने, पाणी आणून दिलं. अनसूयाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. त्या झोपलेल्या नव्हत्या, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

वैजयंताने कोणी विचारायची वाट बघितली नाही. तिने सगळं सांगितलं, शहाऐंशी सालापासून. समाधान ऐकून घेत होता. शेवटी तो म्हणाला, "मला का नाही कधी आणलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आईंच्या घरात ते आणायचं नव्हतं," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आणि खरं सांगू? मला ते वाटून खायचं नव्हतं. या घरात मी भाकरीचा तुकडासुद्धा पाच जणांत मोजून खाल्लाय. तेवढं एक माझं एकटीचं होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटायची."

समाधानने मान हलवली. तो उठला आणि त्याने तिच्या हातातली पर्स घेऊन खुंटीला अडकवली. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

पण संघप्रियाचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. तिला ती मुलगी झाल्यावर दोन द्यायची रीत फार आवडली होती. तिने ती पुन्हा सांगायला लावली. मग पंधरा वर्षांची मुलं विचारतात तसं सहज तिने विचारलं, "मी झाले तेव्हा काय वाटलं होतं गं? पेढे का बर्फी?"

समाधान खिडकीकडे बघू लागला. संघप्रिया नायगावला असताना झाली, एकोणऐंशी साली. धम्मदीपच्या वेळी अनसूयाबाईंनी सगळ्या मजल्यांवर पेढे पाठवले होते. दुसराही मुलगाच हवा, दोन भावांची जोडी हवी, हे त्यांच्या मनाने घेतलेलं. मुलगी म्हटल्यावर त्या हॉस्पिटलात आल्या नाहीत. पाच दिवस आल्या नाहीत. मुलींना शिकवा म्हणून नवऱ्याशी भांडणारी बाई, पण त्या एका वेळी ती घसरली होती, आणि त्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

"तेव्हा आजी गावाला गेली होती," वैजयंता म्हणाली. "मग राहूनच गेलं."

खाटेवरची पाठ जराशी हलली. बाकी काही नाही.

आठवडा तसाच गेला. अनसूयाबाई जेवत होत्या, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होत्या, सुनेशी आपण होऊन बोलत नव्हत्या. वैजयंताही गाडीकडे फिरकली नाही. दवाखान्यात बायका तिचं पथ्य आता जरा हसत ऐकायच्या, पण ऐकायच्या. ती बोट तसंच उभं करायची. फक्त शेवटी एक वाक्य वाढलं होतं: सव्वा महिना झाला की काय हवं ते खा, स्वच्छ जागा मी सांगते. मृणालिनीने घरी जाताना ती जागा आत्ताच सांगून ठेवा म्हटलं, तेव्हा गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. बहुधा हसू लपवायलाच.

शनिवारी वैजयंता सातला बाहेर पडली. त्या दिवशी केस काही अवघड नव्हती, म्हणून ती सरळ घरी निघाली होती. पण केबिन रोडच्या गर्दीत तिला इनासच्या गाडीपुढे एक हिरवट लुगडं दिसलं आणि तिचे पाय थबकले. अनसूयाबाई उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षभरात गल्लीबाहेर पडल्या नव्हत्या. एक हात काठीवर, दुसरा संघप्रियाच्या खांद्यावर, आणि डोक्यावरून पदर नीट घेतलेला. विहारात जाताना घ्यायच्या तसा.

"काय देऊ, आजे?" इनास विचारत होता.

"तू माझ्या सुनेला काय इचारतोस, तेच मला इचार."

इनासने मान वर केली. म्हातारीच्या मागे, दहा पावलांवर उभी असलेली वैजयंता त्याला दिसली. त्याने हातातलं उलथनं खाली ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि विचारलं, "पोऱ्या का पोरी?"

"पोरगी," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. "नात झाली मला."

"कदी झाली?"

"पंधरा वर्सं झाली. वाटायचं राह्यलं व्हतं."

इनास हसला नाही. त्याने तवा स्वच्छ पुसून घेतला, पाव चिरला, आणि डब्यातून दोन सॉसेज काढून शेजारीशेजारी ठेवले. संघप्रिया आजीकडे बघत होती आणि आजी तव्याकडे. मला नुसता पाव नि कांदा दे, माझा नेम हाय, अनसूयाबाईंनी सांगितलं, आणि कनवटीची नोट काढून फळीवर ठेवली. इनास ती घ्यायला तयार नव्हता. पैसे मीच देनार, वाटनारी मी हाय, असं म्हणून त्यांनी ती पुन्हा पुढे सरकवली.

वैजयंता जवळ आली. सवयीने तिचे पाय गाडीला वळसा घालून ताडपत्रीकडे निघाले, हात टोपीकडे गेला.

"तिकडं कुठं?" अनसूयाबाई म्हणाल्या. सबंध आठवड्यात त्या आपण होऊन पहिल्यांदाच बोलत होत्या. "हितं उभी ऱ्हा. आमच्या सोबत."

वैजयंताने टोपीला लावलेला हात खाली घेतला आणि ती गाडीच्या पुढे, भर रस्त्यावर, सासू आणि लेक यांच्या मधे येऊन उभी राहिली.